कोट पुरा पडला नाही

वहिनीला राग आला की तो आधी तिच्या कात्रीला येतो. कात्री हवेतच दोन-तीनदा कचकच वाजते, समोर कापायला काही नसतं, आणि मग वहिनी बोलायला लागते. दुकानात नेहमी येणाऱ्या बायका ती कचकच ऐकली की पिशव्या आवरून जरा मागे सरकतात. मी तिचा धाकटा दीर. मला मागे सरकायची सोय नाही, कारण मी सहसा शिडीवर असतो. निवृत्त झाल्यापासून सकाळच्या वेळी वरच्या दांडीवरचे कपडे काढून देणं हे माझं काम आहे. त्याबद्दल मला चहा आणि बोलणी दोन्ही मिळतात.

दुकान जुन्या कपड्यांचं. जुने म्हणजे चिंध्या नव्हेत. तीस, चाळीस, साठ वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं शिवून घेतलेले कोट, झगे, जाकिटं. पूर्वी या मालाला लोक ‘कुणाचे तरी उतरलेले’ म्हणायचे, हल्ली ‘व्हिंटेज’ म्हणतात. नाव बदललं तसं गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी नाक मुरडत यायचे, आता उसासे टाकत येतात. ‘तेव्हा सगळं किती देखणं होतं ना!’ म्हणत पडद्यामागे जातात, आणि बाहेर येतात ते चेहरा पाडून.

त्या पडलेल्या चेहऱ्यावर वहिनीचा सगळा राग आहे. म्हणजे चेहऱ्यावर नाही, पाडणाऱ्यांवर.

दुकानात नवा कपडा आला की त्याला वाफ दिली जाते, बटणं पक्की होतात, आणि मग कॉलरच्या आत शिवलेली आकड्याची पट्टी वहिनी कापून टाकते. मी एकदा विचारलं, "अगं, लोकांना साइज कळायला नको का?"

"साइज?" कात्री वाजली. "ह्या कोटावर चौदा लिहिलंय. आज नवीन दुकानात गेलात तर ह्याच मापाला आठ म्हणतात. बाई तीच, कंबर तीच. किलो बदलला का कुणी, भाऊजी? मीटर बदलला? मग बाईचाच आकडा तेवढा दर दहा वर्षांनी कोण बदलतं? नाव सांगा, मी जाऊन भेटते त्याला."

मला नाव माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी त्या माणसाचा जीव धोक्यात घातला नसता.

पडद्यामागच्या बाईशी तिचं बोलणं तर ऐकण्यासारखं असतं. आतून रडवेला आवाज येतो, "अहो, हा मला होत नाहीये. मीच जाड झालेय."

"तुम्हाला काय झालंय ते मी विचारलं नाही. कोटाला काय झालंय ते सांगा. खांद्यात की पाठीत?"

"पाठीत."

"मग कोट पुरा पडला नाही. काढा तो. तो शिवला तेव्हा तुम्ही जन्मालाही आला नव्हता, तुमचं माप त्याला कोण सांगणार होतं? आणि रडू नका आत, अस्तराला डाग पडतात."

हे सगळं ती कुठल्या पुस्तकातून शिकलेली नाही, अंगावर काढून शिकलेली आहे. वहिनीच्या शरीराचं आणि जगाचं वेळापत्रक कधी जुळलंच नाही. सोळाव्या वर्षी ती काटकुळी होती आणि त्या काळात भरलेल्या अंगाला मान होता. तिच्या आईनं तिला लोणी चारलं, बाटलीतलं एक काळं टॉनिक पाजलं, आणि पाहुणे यायचे असले की भर उन्हाळ्यात झग्याच्या आत स्वेटर घालायला लावला. पंचविशीत तिनं सगळ्यांच्या कष्टांचं चीज केलं, छान भरली, आणि नेमक्या त्याच सुमारास मासिकांच्या मुखपृष्ठांवर बरगड्या आल्या. मग मध्ये एक काळ असा आला की बायका रुंद दिसण्यासाठी खांद्यांत फोमच्या गाद्या घालायला लागल्या. वहिनीचे खांदे मुळातच रुंद. त्या दोन-चार वर्षांत ती रस्त्यानं अशी चालायची, की मिरवणुकीत आपणच पुढे आहोत. पुढे ती फॅशनही गेली. "बाकीच्यांनी गाद्या काढून कपाटात टाकल्या, भाऊजी. मी काय काढून टाकणार होते?"

आणि आता म्हणे कंबर बारीक पाहिजे पण मागची बाजू मोठी. "म्हणजे वरच्या अंगानं उपास करायचा आणि खालच्या अंगानं जेवायचं. हे जमवायचं कसं, ते मात्र एकही मेला सांगत नाही."

अशा बाईच्या स्वतःच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत ती गोष्ट घडली. म्हणून सांगतो.

आमच्या आईचा एक हिरवा कोट आहे. तो ताईकडे असतो. ताई आमची सगळ्यांत थोरली बहीण, म्हणजे वहिनीची नणंद. वहिनी तिला एरवी ‘ताई’ म्हणते आणि युद्धकाळात ‘वन्सं’. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, दादा नऊ आणि ताई सतरा. मला आई आठवते ती हाताच्या स्पर्शापुरती. दादाला थोडी जास्त, पण त्याला मुख्यतः जेवण आठवतं. त्यामुळे आईचा सगळा इतिहास पहिल्यापासून ताईच्या ताब्यात. फोटो आहेत, पण प्रत्येक फोटोत आईच्या पुढ्यात आम्हा तिघांपैकी कुणीतरी उभं आहे. आई दिसत नाही, आम्ही दिसतो.

त्या इतिहासातलं मुख्य प्रकरण म्हणजे आईची कंबर. "दोन मुठींत मावायची," ताई मुठी करून दाखवते. पुरावा म्हणून तो कोट. बाटलीसारखा गर्द हिरवा, काळी मखमली कॉलर, मध्ये एकदम आत गेलेला. ताई तो पांढऱ्या कापडातून सोडवते तेव्हा आम्ही सगळे नकळत ताठ बसतो. खिसे जरा मागच्या अंगाला आहेत, त्याचीही गोष्ट आहे. "आई खिशात हात घालायची तोसुद्धा कोपरं मागे नेऊन. काय ऐट होती! खास तसे शिवून घेतले होते."

घरात मुलगी मोठी झाली, किंवा नवी सून आली, की तिला तो कोट घालून बघायला देतात. कधी सुरू झालं कुणाला ठाऊक. ताईच्या दोन्ही मुलींनी घालून पाहिला, चुलत बहिणींनी पाहिला, माझ्या बायकोनं पाहिला. बटण एकीचंही लागलं नाही. प्रत्येक वेळी ताई हळहळते, कोट घडी करते आणि म्हणते, "आईची गोष्टच वेगळी." वहिनी नवी सून म्हणून आली तेव्हा तो तिच्या कोपराशीच अडकला. तेव्हा ताई म्हणाली होती, "असू दे गं. तुमच्याकडची हाडंच रुंद." त्यातलं ‘तुमच्याकडची’ वहिनीनं आजवर जपून ठेवलं आहे. त्या दिवसानंतर तिनं त्या कोटाचं तोंड पाहिलं नाही.

वहिनीची एकुलती एक लेक चिमणी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ते नाव पडलं, आता दारातून आत येताना चौकटीला वाकून मान देते. खांदे वहिनीचे, हसणं मोठं, आणि गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. हिला लहानपणापासून ताईकडून एकच गोष्ट ऐकायला मिळाली, "ही सगळी तिच्या आईच्या वळणावर गेली. आमच्या घरातलं काही आलं नाही हिच्यात." ताई हे वाईट मनानं म्हणत नाही. हवामान सांगावं तसं सांगते. पण ज्याच्या अंगावर पाऊस पडतो त्याला हवामानाचं एवढं कौतुक नसतं.

यंदा थंडीतल्या चौकातल्या कार्यक्रमात चिमणीला पहिल्यांदाच एकटीनं वाजवायचं होतं. शेवटी एक लांब सूर होता, एका श्वासात धरायचा आणि धरून ठेवायचा. बँडमधल्या लोकांनी आपापले गडद रंगाचे लांब कोट घालून यायचं, एवढाच गणवेश. चिमणी ताईकडे गेली आणि म्हणाली, "आत्या, मी आजीचा कोट घालू?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर तो कोट कुणी मागितला नव्हता, सगळ्यांनी भीत भीत घालून पाहिला होता. चिमणीनं घातला. पुढे चार बोटांची फट राहिली.

"चार बोटं!" ताई म्हणाली. "चार बोटं म्हणजे काय! मनावर घेतलंस तर सहज लागेल बटण. आणि लागलं ना चिमणे, तर कोट तुझा." आणि जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. तिनं तो कोट घरी न्यायला दिला, रोज घालून बघायला.

चिमणीनं मनावर घेतलं.

ते कसं, हे मला दादाकडून कळलं. दादा खाण्यावर जीव असलेला माणूस. तो दुकानात येऊन माझ्या शिडीखाली उभा राहिला आणि कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाला, "पोरगी सूप पिते रे. सूप म्हणजे काय, तर गरम पाण्याला भाजी लांबून दाखवायची. मी समोर बसून जेवतो तर माझ्याकडे असं बघते, मी जणू तिचं काही चोरलंय."

वहिनी बोलली नाही असं नाही. बोलली. चिमणीनं तिला अर्ध्यात तोडलं. "आई, दुकानातलं भाषण नको. पडद्यामागच्या बायकांसाठी ठेव ते. हा तुझ्या दुकानातला कोट नाही, आजीचा आहे. एकदा तरी मला त्या घरातली होऊ दे."

वहिनीची कात्री त्या दिवशी वाजली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

मग एके सकाळी बँडमास्तर आले. वयस्कर, सरळ माणूस. कपडे बघायचं नाटक त्यांनी थोडा वेळ केलं, पण ते बायकांच्या झग्यांमध्ये उभे होते त्यामुळे नाटक वठलं नाही. शेवटी वहिनीला म्हणाले, "बाई, मुलीचं काय चाललंय? शेवटचा सूर मध्येच तुटतोय. काल तालमीत डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून पायरीवर बसली. मी शनिवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर तो भाग दुसऱ्याला द्यावा लागेल. मला आवडणार नाही, पण चौकात पडली तर ते मला त्याहून आवडणार नाही."

ते गेले. वहिनी उठली, दुकानामागच्या जिन्यानं वर घरात गेली, आणि तो हिरवा कोट घेऊन खाली आली. इतक्या वर्षांनी तिनं त्याला हात लावला होता. धरला होता मात्र असा, जसा मारामारीतला शेजाऱ्याचा मुलगा कॉलरला धरून घरी पोचवतात.

तिनं तो दुकानातल्या कापडी पुतळ्यावर चढवला. पुतळ्यावरही बटण लागलं नाही. मग तिनं खिशात हात घालून बघितला. थांबली. पुन्हा घातला.

"भाऊजी, खाली उतरा. ह्या खिशात हात घाला."

मी पुतळ्यामागे उभा राहून घालून बघितला. "जरा मागे आहेत. आईची ऐट—"

"ऐट गेली खड्ड्यात. तुमची आई खिशातून रुमाल काढायची की पाठ खाजवायची? खिसा हात जाईल तिथे शिवतात. कुणी मुद्दाम मागे शिवत नाही, शिंप्याला वेड लागल्याशिवाय." एव्हाना तिनं कोट उलटा केला होता. अस्तराची कड दोन बोटं उसवली आणि मला आत बघायला लावलं. "हे टोचे दिसतात? ही जुनी शिवण. नवी शिवण इथे, केवढी आत! मधलं कापड कुठे आहे? नाही. कापलंय. दोन्ही बाजूंनी." तिनं कोट सरळ केला आणि बटणापासून खिशापर्यंत वीत टेकवली. "हे अंतर रुंद बाईचं आहे. तिला तो खिसा बरोब्बर हाताशी यायचा. नंतर कोट आटवला, खिसा होता तिथेच राहिला आणि फिरून पाठीमागे गेला. ह्यातली बाई कापून टाकलीय, भाऊजी! आणि तुम्ही सगळे उरलेल्या कोटाला नमस्कार करताय!"

मी ताईला फोन केला. वहिनीच करणार होती, पण तिचा आवाज ऐकून ताई आलीच नसती.

ताई आली ती उसवलेलं अस्तर बघूनच भडकली. "हात कुणी लावला? उसवलास? आईच्या वस्तूला कात्री लावलीस?"

"दोन टाके काढलेत, वन्सं. कात्री आधीच कुणीतरी लावलेली आहे. केवढी लावलीय ती या, बघा."

"काही नको दाखवूस. तुला पहिल्यापासून सलतोय तो कोट. तुला झाला नाही म्हणून!"

"मला नाही झाला. तुमच्या लेकींना नाही झाला. कुणालाच होणार नाही, तो बाईचा कोटच राहिलेला नाही! पोरगी पायरीवर चक्कर येऊन बसली काल. कुणाच्या कंबरेसाठी?"

या वेळी चिमणी तालमीवरून आली होती. ट्रम्पेटची पेटी हातात, दारातच थबकली. दोघींचं लक्ष नव्हतं, माझं होतं. मी खाकरलो. त्याचा उपयोग झाला नाही.

"कापलं तर कापलं!" ताई ओरडली. "एवढंसं कापलं तर काय बिघडलं? वाया थोडंच गेलं? ह्याची आणि दादाची हिरवी टोपी झाली की त्याच्यातून!"

आणि थांबली.

हिरवी टोपी. कानांवर येणारी, हनुवटीखाली बंदांनी बांधायची. आधी दादानं घातली, मग मी. आमच्या घरात काही वाया जायचं नाही. बाबांच्या विजारीच्या एका पायातून माझी अख्खी विजार निघायची. ती टोपी मी तीन हिवाळे डोक्यावर घेऊन हिंडलो, आणि नंतर जन्मभर ताईच्या घरी बसून त्याच रंगाच्या कोटाकडे आदरानं बघत आलो. मला एकदाही दोन्ही जोडता आलं नाही. दादाला तरी काय दोष द्यायचा?

"आत्या," चिमणी दारातून म्हणाली, "कुणासाठी कापला?"

ताई खुर्चीवर बसली. वहिनीनं खुर्ची पुढे केली होती, रागातच, पण केली होती.

"माझ्यासाठी," ताई म्हणाली. "तेरा वर्षांची होते. आईएवढी उंच झाले होते एकदम, आणि अंगावर घालायला काही नव्हतं. तिनं स्वतःचा कोट उसवला. मला स्टुलावर उभं केलं, टाचण्या लावल्या, आणि म्हणाली, काय बारीक कंबर आहे गं, दोन मुठींत मावेल." ती थोडा वेळ कॉलरवरून बोट फिरवत राहिली. "आईनं मला दिसण्याबद्दल म्हटलेलं तेवढं एकच. मग ती गेली. मी ते वाक्य सांगत राहिले. खोटं नाही सांगितलं मी. सांगता सांगता ते तिचंच झालं."

मला वाटलं आता वहिनी विरघळेल. मी तिला अजून ओळखत नाही.

"वाक्य चांगलं होतं, वन्सं," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, पण धार तशीच होती. "तुमच्यापाशी ठेवायचं होतंत. जन्मभर उशाशी घेऊन झोपायचं होतंत. ते पोरीबाळींच्या गळ्यात का बांधलंत? तेरा वर्षांच्या मुलीचा कोट तुम्ही बाळंतपणं झालेल्या बायकांना घालून बघायला लावलात, आणि वर ‘तुमच्याकडची हाडं’ म्हणालात!"

चिमणीनं विचारलं. भुकेनं आधीच ओढलेला तिचा चेहरा आणखीच बारीक झाला होता. "मग त्या हिवाळ्यात आजीनं काय घातलं?"

"बाबांचा जुना कोट. बाह्या दुमडून."

"आजी आजोबांच्या कोटात मावायची?"

"मावायची म्हणजे..." ताईला इतक्या वर्षांच्या सवयीतून बाहेर यायला वेळ लागत होता. "भरायची. चांगली दणकट होती आई. हा कडेवर, दादा हाताला, आणि वर भाजीची पिशवी."

"दणकट," चिमणी म्हणाली. एवढंच. मग पेटी खाली ठेवली आणि गल्ल्याशेजारी ठेवलेला माझा डबा उघडला. उभ्याउभ्याच खाल्ला. कुणाला विचारलं नाही, मला तर नाहीच. मध्ये एकदा घास तोंडात असताना रागानं म्हणाली, "तीन बोटांवर आले होते मी! एवढं उपाशी राहून एकच बोट! आणि तेही एका लहान पोरीच्या कोटासाठी!" आणि पुन्हा खायला लागली. वहिनी पाठ करून काहीतरी घडी घालत होती. तो रुमाल होता आणि तिनं त्याची घडी इतक्या वेळा घातली की शेवटी तो मुठीत मावला.

आता घालायचं काय, हा प्रश्न होताच. वहिनीनं दुकानभर शोधलं. मला शिडीवरून इतक्या वेळा चढ-उतार करायला लावली, की माझंच वजन कमी झालं असेल. पण चिमणीच्या पाठीला, दंडांना आणि पूर्ण श्वास घेतलेल्या छातीला पुरेल असा बायकांचा जुना कोट एकही नव्हता. का नव्हता हे त्या दिवशी मला कळलं. आडव्या अंगाच्या बाईचा कोट म्हणजे भरपूर कापड. तो कोण सांभाळून ठेवतंय? त्यातून मुलीचा कोट निघतो, पोराची टोपी निघते. उरतात ते किडकिडीत कोट, ज्यांतून काहीच निघत नाही आणि जे कुणालाच होत नाहीत. मग साठ वर्षांनी लोक दुकानात येतात, ते कोट बघतात आणि म्हणतात, पूर्वीच्या बायका किती नाजूक होत्या! वहिनी म्हणाली, "होत्या कसल्या! ज्या नाजूक नव्हत्या त्यांनी स्वतःला वाटून टाकलं."

चिमणी मात्र पुरुषांच्या दांडीशी जाऊन उभी होती. तिनं एक जाड निळा कोट काढला. कुण्या बोटीवरच्या माणसाचा असावा, बटणं नाण्याएवढी.

"अगं, पुरुषाचा आहे तो. बटणं उलट्या बाजूला आहेत," वहिनी म्हणाली.

"आजीलाही उलट्याच बाजूला लावावी लागली असतील."

कोट आणि ट्रम्पेट घेऊन ती पडद्यामागे गेली. सगळी बटणं लावल्याचा आवाज आला, मग मोठा श्वास घेतल्याचा, आणि मग पडद्यामागून तो लांब सूर निघाला. दुकानात तेवढ्यात एक बाई आली होती, तिच्या हातातले हँगर खाली पडले. "अहो, आत काय झालं?"

"काही नाही," वहिनी म्हणाली. "माप घेतोय."

सूर थोडा डगमगला, पण तुटला नाही. बँडमास्तरांनी शनिवारी तो भाग चिमणीकडेच ठेवला. मधल्या दिवसांत दादानं तिला इतकं खाऊ घातलं की त्यालाच पथ्य लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी चौकात बोचरी थंडी होती. वहिनी आणि ताई शेजारी बसल्या होत्या, म्हणजे मधे मला बसवून शेजारी. हिरवा कोट पुन्हा ताईच्या कपाटात गेला होता. उसवलेले दोन टाके वहिनीनं घातले होते आणि वर बजावलं होतं की तो आता फक्त बघायचा, घालून बघायचा नाही. ताईनं मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

चिमणी पुढे आली. निळा कोट, बाह्या दुमडलेल्या, नाकाचा शेंडा लाल. तिनं वाजवलं. शेवटचा सूर सुरू झाला आणि चौकातली कुजबुज थांबली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा तिच्याबरोबर आपलाही श्वास धरून बसला होता, त्याला मध्येच सोडून द्यावा लागला. सूर चालूच. दादा रडत होता आणि थंडीनं नाक गळतंय असं भासवत होता. मला सूर-ताल कळत नाही, पण तो संपला तेव्हा मला कुणीतरी धरून ठेवलेलं सोडल्यासारखं वाटलं.

टाळ्या कडाडल्या. ताईनं डोळे पुसले आणि माझ्या अंगावरून वहिनीकडे वाकून म्हणाली, "आईचाच श्वास गं हा! आमच्या घरात पहिल्यापासून सगळ्यांचा श्वास असाच लांब—"

"वन्सं!" वहिनी इतक्या जोरात म्हणाली की पुढच्या रांगेनं वळून पाहिलं. "एक अक्षर नाही. श्वासाचं सुरू करायचं नाही. उद्या ह्या घरात एखादी दमेकरी पोर जन्माला आली तर तिनं काय करायचं?"

"अगं, मी कौतुक करतेय!"

"कंबरेचंही कौतुकच होतं."

टाळ्या ओसरत आल्या. मग अगदी खालच्या आवाजात ताईनं विचारलं, "मग मी म्हणू तरी काय?"

"चांगलं वाजवलंस म्हणा. बास."

ताईला ते जड गेलं. तिच्या तोंडाला इतक्या आखूड वाक्याची सवय नाही. पण ती उठून उभी राहिली, आणि सगळा चौक शांत झाल्यावर, एकटीच, मोठ्यानं ओरडली, "चांगलं वाजवलंस गं!"

लोक हसले. तिकडे चिमणीनं ट्रम्पेट उंच करून दाखवला. ताई खाली बसली, शाल सारखी केली, वहिनीचं लक्ष दुसरीकडे आहे याची खात्री करून घेतली आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "पण श्वास आईचाच."